गाडीखालचा लहानसा क्रॉस

कोल्हापूरच्या बाजारपेठेतून कोकणात जाणारा माल घाट उतरूनच जातो. गगनबावड्यापुढे करूळ, मलकापूरपुढे आंबा, राधानगरीपुढे फोंडा; वाट कोणतीही असो, भरल्या गाडीला सह्याद्री ओलांडावाच लागतो. गूळ, धान्य वा कापड वाहणाऱ्या गाडीचे टायर, ब्रेक आणि इंजिनाचे तेल पाहण्याचा रिवाज बहुतेक पेढ्यांत असतो. इंजिनाची शक्ती मागील चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याकडे मात्र क्वचितच कोणी वाकून पाहतो. हा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आणि त्याच्या टोकांशी असलेला सांधा म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. गॅरेजमधील मिस्त्री त्याला नुसता ‘क्रॉस’ म्हणतात.

बोलेरो किंवा टाटा एस यांसारख्या गाड्यांत इंजिन पुढे आणि गाडी ढकलणारी चाके मागे असतात. गिअरबॉक्स चासीला जखडलेला असतो. मागचा अ‍ॅक्सल मात्र स्प्रिंगवर सतत वरखाली होतो. त्यामुळे दोहोंमधील कोन क्षणोक्षणी बदलतो. बदलत्या कोनातही फिरणे अखंड राहावे यासाठी दोन योकांच्या मध्ये चार हातांचा पोलादी क्रॉस बसवतात. प्रत्येक हातावर एक कप आणि त्यात सुयांसारखे बारीक रोलर असतात. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान कार्डानो याच्या नावाने हा सांधा ओळखला जातो. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने त्याचा अभ्यास केला. मोटारीसाठी त्याचे पेटंट अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर यास १९०३ मध्ये मिळाले. त्या काळी अनेक मोटारींची चाके सायकलीप्रमाणे साखळीने फिरत असत.

हा सांधा झिजतो कसा, हेही समजून घेण्याजोगे आहे. डिफरन्शियलचे प्रमाण चारास एक असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे चार फेरे होतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना अशा गाडीचा शाफ्ट मिनिटाला सुमारे १८०० वेळा फिरतो. तरीही कपातील रोलर पूर्ण फेरा घेत नाहीत. ते त्याच त्या जागी किंचित पुढेमागे डोलतात. सारा भार ठरावीक रेषांवर पडतो. ग्रीस सुकले किंवा पावसाळ्यातील पाण्याने धुपले, की तेथे गंज धरतो, क्रॉसच्या हातांवर चर पडतात आणि सांधा सैल होतो.

त्याच्या सूचना आधीच मिळतात. गाडी उठताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘टक्’ असा आवाज येतो. सावकाश चालताना चिमणीसारखी किरकिर ऐकू येते आणि वेगाबरोबर ती जलद होते. ठरावीक वेगाला गाडीची फरशी थरथरते. कपाभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतले ग्रीस संपले असे समजावे.

तपासणी सपाट जागेवर, इंजिन बंद करून, चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावून आणि गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून करावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. सांध्याच्या दोन बाजू दोन हातांनी धरून उलटसुलट फिरवाव्यात. संपूर्ण शाफ्ट थोडा हलला, तर ती डिफरन्शियलच्या दात्यांतील ढिलाई असू शकते. परंतु एक योक स्थिर असता दुसरा हलला, तर दोष क्रॉसचाच आहे.

ग्रीस निप्पल असलेल्या क्रॉसला गाडीच्या पुस्तिकेतील मुदतीनुसार, आणि पाण्यातून गाडी गेल्यास त्याआधीही, ग्रीस द्यावे. चारही कपांच्या कडेने ताजे ग्रीस बाहेर येईपर्यंत ते भरावे. एका कपातून ते आले नाही, तर तेथील वाट तुंबली आहे. मात्र सैल झालेला सांधा ग्रीसने घट्ट होत नाही. आवाज काही दिवस दबतो, इतकेच.

क्रॉस बदलताना शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँजवर व सरकत्या जोडावर खुणा कराव्यात. याला कारण आहे. कोनात फिरणारा एकटा सांधा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा घटवतो. दहा अंशांच्या कोनात हा फरक सुमारे दीड टक्का, तर वीस अंशांत सहा टक्के असतो. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील, तरच दुसरा सांधा ही चढउतार भरून काढतो. जोड एक दाता चुकला, तरी नवा क्रॉस घालूनही थरथर उरते. जुने कप हातोड्याने न ठोकता प्रेसने किंवा शेगड्याने दाबून काढावेत. नवे बसवताना एखादा रोलर आडवा पडला, तर क्रॉस जड फिरतो. तो हाताने सहज फिरला पाहिजे. सर्कलिप खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करावी आणि ग्रीसगन पोहोचेल अशा दिशेला निप्पल ठेवावा.

हंगामात गाडी एक दिवस उभी ठेवणे व्यापाऱ्याला जड जाते, हे खरे. पण क्रॉस तुटून शाफ्ट सुटला, तर तो ब्रेकच्या नळीला किंवा टाकीला फटका देऊ शकतो. पुढचे टोक रस्त्यात रुतले, तर गाडीचा ताबा जातो. घाट उतरताना खालच्या गिअरमुळे मिळणारा इंजिनाचा आधार त्याच क्षणी नाहीसा होतो आणि भरल्या गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो. गिअरमध्ये ठेवलेली उभी गाडीही मग गिअरच्या जोरावर थांबून राहत नाही.

हा आवाज सर्वप्रथम चालकाच्या कानी पडतो. गाडी थांबवण्याचा निर्णय मात्र पेढीवर होतो. चालकाने ‘खालून आवाज येतो’ असे सांगितल्यावर ‘एवढी खेप करून ये’ हे उत्तर मिळाले, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही. म्हणून गाडीच्या नोंदवहीत डिझेलच्या रकान्याशेजारी एक रकाना चालकाच्या तक्रारीसाठी राखावा, आणि ती तक्रार पाहिली गेल्याशिवाय गाडीला घाटाची खेप देऊ नये. स्टिअरिंगवर बसलेला माणूसही कोणाच्या तरी घरी संध्याकाळी परतायचा असतो.