सिएनातील दोन तास

इटलीच्या यात्रेहून परतलेल्या आपल्या बंधुभगिनींना सिएनाविषयी विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते : संत कॅथरीनच्या मस्तकाचे दर्शन झाले. बस दोन तास थांबते, सान दोमेनिकोच्या मंदिरात त्या पवित्र अवशेषापुढे प्रार्थना होते, चौकात छायाचित्रे निघतात आणि बस पुढच्या नगराकडे धावू लागते. त्या प्रार्थनेविषयी आमची तक्रार नाही. मात्र कला ही हौशी प्रवाशांची चैन आहे, भाविकाला तिचे काय, ही जी समजूत या घाईमागे आहे, तिला आमचा स्पष्ट विरोध आहे.

ज्या चौकात छायाचित्रे निघतात, तेथेच पालाझ्झो पुब्लिको हा नगरसभेचा वाडा उभा आहे. चौदाव्या शतकात नगराचा कारभार पाहणारे नऊ जण त्यातील एका दालनात बसत. आम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये त्या दालनाच्या तीन भिंतींवर सुशासन आणि कुशासन रंगविले. न्यायाच्या तराजूतून निघालेले दोर एकोप्याच्या मूर्तीच्या हाती येतात; तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, उंचसखल समान करणारा. पुढे तोच दोर चोवीस नागरिक धरून उभे आहेत. एका भिंतीवर गवंडी घरे बांधत आहेत, वेशीबाहेर शेते पिकली आहेत. दुसऱ्या भिंतीवर शिंगे असलेला जुलूम राज्य करतो आणि न्याय त्याच्या पायांशी जखडलेला आहे. कारभाऱ्यांनी निर्णय घ्यावेत ते या चित्रांच्या देखत!

हे चित्र मंदिरात नाही, तेव्हा ते आपले नव्हे, असे कोणी म्हणेल. ज्या संतिणीसाठी आपण तेथे जातो, तिचे चरित्र काय सांगते? कापड रंगविणाऱ्याच्या घरी १३४७ मध्ये याच नगरात जन्मलेली ही स्त्री १३७६ मध्ये आव्हिन्यॉला गेली आणि पोप अकरावे ग्रेगरी यांना रोमला परतण्याची गळ घातली. राज्यकर्त्यांना आणि सेनानींना तिने निर्भीड पत्रे लिहिली. तिच्या मस्तकापुढे गुडघे टेकायचे आणि तिच्या नगराने न्यायाविषयी भिंतीवर काय मांडून ठेवले आहे ते पाहायचे नाही, ही आमच्या मते अर्धी यात्रा होय.

कला आणि भक्ती यांची फारकत सिएनाने केलेली नाही. ती आपण केली आहे. दुच्चोने रंगविलेले पवित्र मरियेचे भव्य वेदीचित्र ९ जून १३११ रोजी घंटानादात, मिरवणुकीने कॅथेड्रलमध्ये नेण्यात आले. आज ते शेजारच्या संग्रहालयात आहे. म्हणून भाविकाने तेथे हात जोडू नयेत काय? ते संग्रहालयही अपुऱ्या राहिलेल्या महामंदिराच्या भिंतींत वसले आहे. कॅथेड्रल वाढविण्याचे काम १३३९ मध्ये हाती घेतले गेले, १३४८ च्या महामारीने नगर ओस पडले आणि पुढे ते काम सोडून द्यावे लागले. तो उघडा दर्शनी भाग आजही उभा आहे. मनुष्याच्या योजनांविषयी याहून बोलके प्रवचन कोणते?

वर्षानुवर्षे पैसे साठवून गेलेल्या कुटुंबाला वेळ आणि तिकीट यांचा हिशेब करावा लागतो, हे आम्ही जाणतो. तो हिशेबच आम्ही मांडतो. दहा दिवसांत दहा नगरे पाहण्याऐवजी दोन नगरे गाळावीत आणि सिएनात एक रात्र राहावे. यात्रा नेणाऱ्या धर्मगुरूंनी निघण्यापूर्वी धर्मग्रामाच्या सभागृहात ही चित्रे दाखवून समजावून द्यावीत. त्या बैठकीस न जाणाऱ्यांनाही बोलवावे. न्यायाचा दोर हाती धरण्यासाठी इटलीला जावे लागत नाही; पण जो जातो, त्याने तो न पाहता परत येऊ नये.