'रिव्हर्सिबल' म्हणे!

डॉक्टर मंडळींनी एका आजाराला नाव दिलंय - पोस्टीरिअर रिव्हर्सिबल एन्सेफॅलोपथी सिंड्रोम. लाडाने 'प्रेस'. बहुतेक वेळा रक्तदाब एकाएकी चढतो आणि मेंदूला, जास्त करून मागच्या भागाला, सूज येते. माझं भांडण त्यातल्या 'रिव्हर्सिबल'शी आहे. आमच्या जमातीला हा शब्द ऐकला की कंट्रोल-झेड आठवतं. दाबा, झालं पूर्ववत!

तसं नाहीये हो. रक्तदाब वरखाली झाला तरी मेंदूतल्या बारीक धमन्या आकसून-सैलावून पुरवठा स्थिर ठेवतात. सोसायटीच्या टाकीखालच्या प्रेशर व्हॉल्व्हसारखं. दाब फारच वाढला की व्हॉल्व्ह हात टेकतो आणि रक्तातलं पाणी आजूबाजूला झिरपायला लागतं. दृष्टीचं केंद्र मागेच, त्यामुळे डोकेदुखीबरोबर धूसर दिसणं, गोंधळल्यासारखं होणं, फिट. (किडनीचे आजार, केमोची किंवा अवयव-प्रत्यारोपणानंतरची काही औषधं हीसुद्धा कारणं असतात, कधीकधी दाब फारसा न चढताही.)

१९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये १५ पेशंटांवरचा लेख आला, तेव्हापासून हे चित्र ओळखीचं झालं. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जण बरे होतात, एमआरआयवरचे डागही जातात. पण ते आपोआप नव्हे. दाब उतरवायचा तोही बेताने, पहिल्या काही तासांत साधारण पाव हिस्सा. धाडकन उतरवला तर मेंदूचा पुरवठाच तुटायचा. उशीर झाला तर रक्तस्राव, कायमची इजा, मृत्यूसुद्धा. मग कसलं आलंय रिव्हर्सिबल?

आणि हे म्हाताऱ्यांचं दुखणं समजू नका. गरोदरपणातल्या एक्लॅम्पसियात प्रेस सर्रास दिसतो, आणि एक्लॅम्पसिया बाळंतपणानंतरही होऊ शकतो. म्हणजे आपल्याच वयाच्या मैत्रिणी, बायका, बहिणी. डोकं दुखतंय म्हटलं की घरचे म्हणणार, "जागरण होतंय गं, दुखायचंच!" डिंकाचे लाडू, शेक-शेगडी सगळं साग्रसंगीत. दंडाला पट्टा मात्र कोणी बांधत नाही.

माझं मत विचाराल तर बारशाला सातवं दुपटं नेण्यापेक्षा बीपीचं मशीन न्या. दुपट्याइतकं गोड दिसणार नाही, असो. आकडा १४०/९० च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. वरचा १६० किंवा खालचा ११० झाला, किंवा डोकेदुखीबरोबर अंधुक दिसायला लागलं, तर फोनबिन नाही, सरळ हॉस्पिटल. रात्रीचे दोन वाजले असले तरी.