तोफांची तोंडे कोणीकडे?

लोकांनी आपण होऊन उपसलेल्या मातीवर अखेर सत्ता कोणाची चालते, हा प्रश्न श्रमदानाचे गोडवे गाणाऱ्यांनी क्वचितच विचारला आहे. इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या काळात लंडनभोवती उभी राहिलेली तटबंदी या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

१६४२ च्या ऑगस्टमध्ये राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध जुंपले. नोव्हेंबरात राजाची फौज टर्नहॅम ग्रीनपर्यंत, म्हणजे राजधानीच्या वेशीपर्यंत, येऊन माघारी फिरली. शहर जुन्या कोटाबाहेर केव्हाच पसरले होते. तेव्हा वेस्टमिन्स्टर आणि थेम्सपलीकडचे सदर्क यांनाही कवेत घेणारी सुमारे ११ मैलांची मातीची तटबंदी, खंदक आणि जागोजागी गढ्या असे प्रचंड काम निघाले. १६४३ साली शिंपी, जोडे शिवणारे, हमाल, मासळी विकणाऱ्या बायका, आपापल्या धंद्याचे जथे करून, ढोल वाजवीत, निशाणे फडकावीत खोदकामाला जात. व्हेनिसच्या लंडनमधील प्रतिनिधीने आपल्या सरकारला कळविले की, या लोकांना केवळ अन्न मिळते, मजुरी नाही. तरी देवाचे काम समजून माणसे लोटत आहेत. याच चाणाक्ष गृहस्थाने आणखी एक गोष्ट हेरली. गढ्यांची घडणच सांगते की त्या केवळ राजाच्या सैन्याकरिता नाहीत. नागरिकांनी दंगा केल्यास त्यांना ताब्यात ठेवण्याकरिताही आहेत!

प्रस्तुत लेखकाने आयुष्यभर राजस्व शिकविले, म्हणून त्याची दृष्टी हिशेबाकडे वळते. मालमत्तेवर आकारणी होतीच. पण १६४३ च्या जुलैत बिअर, तंबाखू यांवर अबकारी कर आला आणि पुढे मांस व मीठही त्यातून सुटले नाही. ज्याने फुकट माती वाहिली, तोच संध्याकाळच्या पेल्यामागे युद्धाचा खर्च भरू लागला. १६४७ च्या फेब्रुवारीत स्मिथफील्डच्या बाजारात जमावाने अबकारी कचेरी जाळली, तेव्हा कोठे त्या वर्षी मांस-मिठावरील कर उठला.

राजाच्या फौजेने या तटबंदीवर कधीच हल्ला केला नाही. कसोटी आली ती १६४७ च्या ऑगस्टमध्ये, आणि तीही पार्लमेंटच्याच, पगार थकलेल्या सैन्याकडून. सदर्कच्या रहिवाशांनी कर्नल रेन्सबरोच्या तुकड्यांना दरवाजा उघडून दिला. एवढा अवाढव्य तट, पण तो लढविण्याची वेळच आली नाही. लवकरच तो पाडून टाकण्याचा हुकूम सुटला.

ऑक्टोबरअखेर पटनी येथे सैन्याच्या सभेत याच रेन्सबरोने मांडले की, दरिद्रातल्या दरिद्री माणसालाही, ज्या राज्याला त्याने संमती दिली नाही त्याचे बंधन नाही. आयर्टनने उत्तर दिले: ज्याचे देशात कायमचे हितसंबंध, म्हणजे जमीन वा व्यापारी संघांतील स्थान, त्यालाच मत. या मापाने खंदक खणणारे हमाल बाहेर पडले. मासळीवाल्यांचा विषय तर दोघांपैकी कोणीच काढला नाही.

आज त्या तटाचे जमिनीवर जवळजवळ काही उरलेले नाही. मेफेअरमधील माऊंट स्ट्रीट हे नाव तेवढे तेथल्या एका मातीच्या बुरुजावरून पडलेले आहे. लंडनमधील अतिशय महागड्या रस्त्यांत त्याची गणना होते.