कोंबडीच्या मांसावर विकिरण : स्वच्छतेला जोड, पर्याय नव्हे

कुक्कुटपालन हा एके काळी परसातील लहानसा जोडधंदा होता. आज तो असंख्य कुटुंबांचा मुख्य व्यवसाय झाला आहे. व्यवसाय वाढला, माल दूरच्या शहरांत जाऊ लागला, आणि त्याबरोबर एक प्रश्नही उभा राहिला. कोंबडीचे ताजे मांस अत्यंत नाशवंत असते. शिवाय त्यात रोगकारक जंतू असण्याचा संभव असतो. या दोन्ही अडचणींवर विकिरणाचा उपाय सुचविला जातो. तो कितपत ग्राह्य मानावा, याचा विचार कुक्कुटपालकांनी स्वतःच करणे इष्ट आहे.

साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याच्या आतड्यातही राहतात. पक्षी साफ करताना आतडे फुटले, किंवा एकाच पाण्यात अनेक पक्षी बुडविले, म्हणजे ते सर्वत्र पसरतात. मांसाच्या रंगावरून वा वासावरून त्यांचा पत्ता लागत नाही. मांस पूर्ण शिजले की ते मरतात हे खरे. परंतु ज्या सुरीने कच्चे मांस कापले तिनेच कोशिंबिरीचा कांदा चिरला, तर शिजविण्याचा उपयोग तो काय? अशा जुलाब-तापाची झळ लहान मुलांना व वृद्धांना अधिक पोहोचते.

विकिरणाची क्रिया समजण्यास कठीण नाही. वेष्टनात बंद केलेले थंड मांस कोबाल्ट ६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोरून ठरावीक वेळ नेले जाते. हे किरण जंतूंच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याचा भंग करतात व त्यांची वाढ खुंटते. मांस तापत नाही, कच्चेच राहते. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून एक दशांश किलोग्रेहूनही कमी मात्रा पुरते. कोंबडीच्या मांसातील साल्मोनेला आटोक्यात आणण्यास सुमारे दीड ते तीन किलोग्रे मात्रा लागते. अमेरिकेत १९९० साली तीन किलोग्रेपर्यंतच्या मात्रेस मान्यता मिळाली. आपल्या देशातही १९९८ साली कोंबडीसह मांसाच्या विकिरणास परवानगी देण्यात आली.

किरण दिलेले अन्न किरणोत्सारी होते, ही भीती पुष्कळांच्या मनात असते. ती निराधार आहे. उन्हात वाळविलेली मिरची अंधारात उजेड देत नाही. त्याचप्रमाणे या प्रक्रियेतील किरण मांसात साठून राहत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व शेती संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० साली दहा किलोग्रेपर्यंतच्या मात्रेपासून अन्नात विषारीपणाचा धोका उद्भवत नाही, असा निर्वाळा दिला. महाराष्ट्राला हे तंत्र परकेही नाही. वाशी येथे २००० पासून मसाल्यांवर विकिरण होत आले, आणि लासलगावच्या केंद्रात विकिरण केलेला आंबा २००७ साली अमेरिकेस गेला.

तथापि या उपायाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. काही जंतूंची बीजाणुरूपे या मात्रेत तगून राहतात. म्हणून विकिरणानंतरही मांस बर्फाच्या तापमानाजवळ ठेवावे लागते. जंतूंनी अगोदरच निर्माण केलेले विष किरणांनी नाहीसे होत नाही. मात्रा अधिक झाल्यास मांसाला वेगळा वास येतो. वेष्टन फाटले, तर जंतू पुन्हा शिरण्यास किरणांचा कोणताही अटकाव राहिलेला नसतो. तात्पर्य, शिळे मांस ताजे करण्याची शक्ती विकिरणात नाही. चांगले मांस अधिक दिवस चांगले ठेवणे, एवढेच त्याचे कार्य आहे.

आपल्याकडे बरीचशी कोंबडी जिवंत विकली जाते व गिऱ्हाइकासमोर दुकानातच कापली जाते. तेथे विकिरणाचा उपयोग नाही. तेथे स्वच्छ पाणी, धुतलेली सुरी आणि झाकलेले मांस यांचाच आधार आहे. वेष्टनबंद थंड मांस दूरच्या बाजारी पाठविणाऱ्यांना मात्र ही प्रक्रिया लाभदायक ठरेल. एकट्या कुक्कुटपालकाला असे केंद्र उभारणे शक्य नाही. म्हणून सहकारी संस्थांनी आधी स्वच्छ कत्तलगृह व शीतगृह उभारावे आणि मगच विकिरण केंद्राशी संबंध जोडावा. हा क्रम उलटा केला, तर खर्च वाढेल आणि धोका तसाच राहील.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. विकिरण केलेल्या मालावर तसा उल्लेख व विहित चिन्ह असलेच पाहिजे. ते बारीक अक्षरांत दडविणे हे अप्रामाणिकपणाचे तर आहेच, पण धंद्यालाही घातक आहे. ग्राहकाचा विश्वास डळमळला म्हणजे काय होते, हे २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूची साथ आली तेव्हा कुक्कुटपालकांनी अनुभवले आहे. ते कारण निराळे होते, पण धडा विसरण्यासारखा नाही.

विकिरणाचे यंत्र अगदी शेवटच्या टप्प्यावर उभे असते. कोरडी गादी, उंदरांपासून राखलेले खाद्य, निरोगी पिल्ले, स्वच्छ कापणी आणि अखंड थंडावा हे त्याअगोदरचे टप्पे होत. ते ज्यांनी नीट पार पाडले, त्यांच्याच मालाला या नव्या विद्येचे खरे साहाय्य होईल.