जुन्या गाडीची खडखड आणि अंदाजाची मिस्त्रीगिरी

जालन्यात लोखंडाचा भाव शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. एमआयडीसीतील भट्ट्यांत बाहेरगावचे भंगार येते, वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. त्यामुळे आपल्या गावात एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसेडर पुढून खडखडू लागली की घरातले कोणी ना कोणी लगेच म्हणते, "द्या आता भंगारात." पद्मिनीचे वजन सुमारे नऊ क्विंटल. हिशोब तोंडी होतो आणि बापाने किंवा आजोबाने हौसेने घेतलेली गाडी किलोच्या भावाने जाते.

गाडी खरोखरच संपली असेल तर आमची काही तक्रार नाही. पण पुष्कळदा गाडी संपलेली नसते, मालकाचा धीर संपलेला असतो. आणि तो संपण्याचे कारण असे की तीन गॅरेज झाली, किंगपिन बदलून झाली, शॉकअप नवे बसले, पैसे गेले आणि आवाज मात्र जागच्या जागी. याला जबाबदार गाडी नव्हे, आमच्या व्यवसायात बोकाळलेली अंदाजाची मिस्त्रीगिरी आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. दोष सापडण्याआधी पार्ट बदलायचा, आवाज गेला तर उस्तादी आणि नाही गेला तर "जुनी गाडी आहे सेठ, वाजणारच" असे सांगून मोकळे व्हायचे.

जुनी गाडी वाजणारच, हे म्हणणे मुळातच चुकीचे आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघाली तेव्हा ती वाजत नव्हती. लोखंड लोखंडाला लागू नये म्हणून तिथे कुठे रबर, कुठे पितळी बुश आणि कुठे ग्रीस दिलेले होते. आज आवाज येतो म्हणजे त्यांपैकी काहीतरी झिजले, फाटले किंवा सुकले आहे. ते नेमके कुठे, एवढाच प्रश्न आहे.

पहिले काम पान्याचे नसून कानाचे आहे. मालकाला शेजारी बसवून गाडी त्याच रस्त्यावर न्यावी जिथे ती वाजते. आपल्याकडे रस्त्यांची वाण नाही! काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात बसतो आणि वर्षभर लाटांसारखा राहतो. हळू चालताना बारीक खड्ड्यांवर टकटक येत असेल तर संशय स्टॅबिलायझर बारच्या रबरांवर आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या नटावर घ्यावा. ब्रेक दाबल्याबरोबर एकच 'खट्' झाले तर आर्मचे बुश पाहावेत. वळताना घरघर वाढली तर हबचे बेअरिंग. मोठ्या खड्ड्यात दणका बसून घणासारखा आवाज आला तर आर्म जिथे टेकतो तिथले रबरी ठोकळे गेले असतील. हे सगळे संशय आहेत, निकाल नव्हे. पण संशय कुठे घ्यायचा हे कळले की अर्धा दिवस वाचतो.

त्यानंतर जे तपासायला पैसा लागत नाही ते तपासावे. चाकाचे नट घट्ट आहेत का? बॅटरीची पट्टी, बोनेटचा खटका, सायलेन्सरचा क्लॅम्प, बंपरचे बोल्ट, डिकीतला जॅक आणि पाने. हे वाचून हसू येईल, पण सुटा जॅक सस्पेन्शनसारखा हुबेहूब वाजतो आणि त्यापायी किंगपिनला हात लावणारे महाभाग या धंद्यात आहेत.

आता गाडी उचलायची, आणि इथेच सर्वात जास्त चुका होतात. जॅक चेसिसखाली लावला की चाक लोंबते, स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते आणि जोडातील प्ले दबून राहतो. मिस्त्री चाक हलवतो, काही हलत नाही, आणि तो "सब ठीक है" म्हणून मोकळा होतो. जॅक त्या आर्मखाली लावला पाहिजे ज्याच्यावर स्प्रिंगचा भार येतो. अँबॅसेडरला पुढे कॉईल स्प्रिंग नसून टॉर्शन बार आहे, तिथेही खालच्या आर्मखालीच जॅक घ्यावा. भार निघाला की जोड मोकळा होतो आणि खरे बोलतो. खाली घोडी लावल्याशिवाय गाडीखाली डोके घालू नये, हे सांगावे लागू नये, पण सांगतो.

चाक वर आणि खाली धरून आतबाहेर ढकलावे. प्ले लागला तर शागिर्दाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो हब बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा आर्मच्या बुशांचा, आणि या दोघांतला कोणता हे चाकामागे बॅटरी धरून डोळ्यांनी दिसते. एवढ्या साध्या रीतीने किंगपिनचे मोठे काम आणि बेअरिंगचे छोटे काम यांतला फरक दोन मिनिटांत कळतो. बेअरिंग टेपर रोलरचे असेल तर चाक फिरवत नट आवळावा, मग किंचित सोडावा आणि नवी कॉटर पिन घालावी. प्ले अजिबात राहू नये म्हणून करकचून आवळलेले बेअरिंग मंठ्याला पोचेपर्यंत जळते.

मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवावे. इथला प्ले टायरॉड एंड, आयडलर आर्म किंवा स्टिअरिंग बॉक्सचा असतो. तो पकडायला गाडी जमिनीवर घ्यावी, शागिर्दाला स्टिअरिंग थोडे इकडे-तिकडे करायला लावावे आणि प्रत्येक जोडावर बोट ठेवत जावे. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी थांबते, तो जोड गेला. बोटाला हे जेवढे कळते तेवढे डोळ्याला कळत नाही. आज स्कॅनर लावून गाडी वाचणाऱ्या पोरांना हे बोटांचे काम येत नाही, यात त्यांचा दोष कमी आणि न शिकवणाऱ्या उस्तादांचा जास्त आहे.

किंगपिनबद्दल थोडे अधिक. ती बहुधा ग्रीसअभावी मरते. निपलला गन लावली, बाहेर थोडे ग्रीस आले, झाले असे समजतात. प्रत्यक्षात जुने ग्रीस आत दगड झालेले असते आणि नवे निपलच्या तोंडाशीच अडते. चाक उचलून, भार काढून, स्टिअरिंग फिरवत ग्रीस भरावे आणि पिनच्या दोन्ही टोकांतून ताजे ग्रीस येईपर्यंत थांबावे. बदलायचीच वेळ आली तर नवे बुश ठोकून पिन हातोड्याने बसवू नये. बुश रीमरने मापात आणावे लागतात. रोलिंग मिलच्या गावात चांगला लेथवाला शोधायला लांब जावे लागत नाही. ते काम त्याच्याकडून करून घेण्यात मिस्त्रीला कमीपणा कसला?

व्यापारी बंधूंनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. आपण दुकानात तासभर घासाघीस करून माल तपासतो, पण मिस्त्रीला म्हणतो, "फक्त बघ, पैसे कसले?" तपासणी फुकट मागितली की तो तिचे पैसे पार्टमधून काढणार. म्हणून पार्ट बदलतात, आवाज राहतो. आमची सूचना अशी की गॅरेजवाल्यांनी तपासणीची मजुरी वेगळी सांगावी, पावतीवर वेगळी लिहावी आणि मालकांनी ती कुरकुर न करता द्यावी, मग दोष चार रुपयांच्या रबराचा का निघेना. काढलेला पार्ट मालकाच्या हातात द्यावा, झीज कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावे. काही मिस्त्री म्हणतील की असे केले तर गिऱ्हाईक पळेल. सुरुवातीला काही पळतीलही.

पण गिऱ्हाईक आता बदलले आहे. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. रोजच्या पोटापाण्यासाठी ही गाडी ठेवणारा माणूस कमी झाला, आता ती ठेवतो तो हौसेने. सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. त्या नोंदणीवर रोजचा वापर करता येत नाही, प्रदर्शन, रॅली आणि दुरुस्ती यांसाठीच गाडी रस्त्यावर येते. साध्या नोंदणीवर गाडी ठेवायची तर नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० करण्यात आली. एवढी फी भरणारा माणूस तपासणीच्या मजुरीला मागे सरकेल, हे आम्हाला पटत नाही. त्याला आवाज गेलेला हवा आहे.

आणि प्रश्न केवळ आवाजाचा नाही. कादराबादच्या गल्लीत तीसच्या वेगाने जी ढिलाई जाणवत नाही, तीच समृद्धी महामार्गावर चढल्यावर स्टिअरिंग हातात थरथरवते. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि मागून येणारा त्याच वेगाने येतो. झिजलेला खालचा जोड निसटला तर चाक आडवे पडते. "वाजते तर वाजू द्या" म्हणणाऱ्या मालकाला मिस्त्रीने हे स्पष्ट सांगितले पाहिजे, वाटल्यास पावतीवर लिहून दिले पाहिजे.

पार्ट मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, अर्धी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आजही पुष्कळ काही निघते, पण डुप्लिकेट रबर दोन पावसाळे टिकत नाही. घेताना नखाने दाबून पाहावे, जुन्याशेजारी ठेवून माप जुळवावे. आणि रबरी बुश बसवताना एक गोष्ट हमखास चुकते. गाडी जॅकवर असतानाच बोल्ट पक्के आवळतात. मग गाडी खाली आली की आर्म वर फिरतो, रबर पिळलेल्या अवस्थेतच राहते आणि लवकर फाटते. बोल्ट आधी हलके लावावेत, गाडी चाकांवर उभी करावी, पुढून दोन-चार वेळा दाबून बसू द्यावी आणि मगच शेवटचा आवळा द्यावा.