वंशावळ कोणाच्या मालकीची?

‘आमची सगळी वंशावळ आता कॉम्प्युटरवर आहे, काळजी मिटली,’ असे सांगणारे गृहस्थ हल्ली घरोघर भेटतात. त्यांच्या उत्साहाचे मला कौतुक आहे. त्यांच्या निर्धास्तपणाचे मात्र नाही. काळजी मिटलेली नाही. ती आता कुठे सुरू झाली आहे.

कुळाची माहिती एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे आपल्याला नवे नाही. मोडीतली टिपणे बाळबोधीत आली, टिपणांचे छापील कुलवृत्तांत झाले. पण उतरवून घेणारा माणूस डोळ्यांनी वाचीत असे. अक्षर लागले नाही तर तो अडे, कोणा जाणत्याला विचारी. यंत्र अडत नाही. त्याला जे कळत नाही ते पुष्कळदा ते मुकाट्याने टाकून देते. माझे भांडण आहे ते या मुकाटपणाशी.

वंशावळीचे प्रोग्रॅम अनेक आणि प्रत्येकाची साठवणुकीची तऱ्हा निराळी. एकाची माहिती दुसऱ्याला कळावी म्हणून अमेरिकेतील मॉर्मन चर्चने १९८४ साली ‘जेडकॉम’ नावाची एक सामाईक पद्धत काढली. साध्या मजकुराची फाइल. तिच्या प्रत्येक ओळीला एक खूण, कुठे जन्माची, कुठे विवाहाची, कुठे अपत्याची. त्या मंडळींचे उपकार मी मानतो. त्यांच्यावाचून एका प्रोग्रॅममधले आजोबा दुसऱ्यात पाऊल टाकू शकले नसते. पण ही पद्धत घडविताना त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांची घरे होती, आपली नव्हती.

पुरावा हवा? या पद्धतीने तारखांसाठी चार कालगणना ठरवून दिल्या: ग्रेगरियन, ज्यूलियन, ज्यू लोकांची आणि फ्रेंच राज्यक्रांतीची. क्रांतीची ती कालगणना जेमतेम बारा वर्षे चालली. तिला मानाचे पान मिळाले. शालिवाहन शकाला मात्र पाटही मांडलेला नाही. मग आपण ‘पौष शके १८४०’ या नोंदीत अठ्ठ्याहत्तर मिळवतो आणि १९१८ लिहून मोकळे होतो. वास्तविक तो पौष १९१९ च्या जानेवारीत आला होता. जन्माचे वर्षच बदलले, आणि मूळ नोंद ठेवली नाही तर पुढच्या पिढीला ते कळायचेही नाही. आणखी गंमत अशी, की जेडकॉममध्ये जातीसाठी स्वतंत्र खूण आहे. गोत्रासाठी आणि कुलदैवतासाठी नाही. ती प्रोग्रॅमने आपल्या पदरची खूण करून लिहायची, आणि घेणाऱ्या प्रोग्रॅमला ती ओळखीची नसली तर त्याने ती सोडून दिली तरी चालते!

माझ्या पुतण्याने आमच्या घरच्या नोंदी एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेल्या. माणसे मोजली तर एकही कमी नाही. मग मी नावे वाचायला बसलो. आजीचे माहेरचे नाव गेले होते. ज्या नावाने तिचा भाऊ तिला जन्मभर हाक मारीत होता, ते नाव. दत्तक गेलेल्या चुलत आजोबांना दोन बाप होते, पण जन्म कोणाचा आणि दत्तक कोणाचे, हे सांगणारी ओळ नाहीशी झाली होती. जेडकॉमची फाइल मी नोटपॅडमध्ये उघडली. दोन्ही गोष्टी तिथे शाबूत! म्हणजे देणाऱ्याने दिले होते, घेणाऱ्याने घेतले नव्हते. विकणाऱ्या कंपनीला विचारले, तर उत्तर आले की माहितीची आयात यशस्वी झाली आहे.

यशस्वी! आणि गळले काय? बायकांची नावे आणि दत्तकांची नाती. म्हणजे कागदावर ज्यांची जागा आधीच अरुंद होती, त्यांचीच.

कोणी म्हणेल, ‘मग प्रोग्रॅम बदलता कशाला? एकाशीच एकनिष्ठ राहा.’ आपण राहू हो. प्रोग्रॅम राहतो का? मॉर्मन चर्चने आपला ‘पर्सनल अ‍ॅन्सेस्ट्रल फाइल’ २०१३ साली बंद केला. ‘द मास्टर जीनिऑलॉजिस्ट’ २०१४ साली थांबला. ‘फॅमिली ट्री मेकर’ बंद करीत असल्याचे डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने तो घेतला म्हणून वाचला. कुळ पिढ्यान्‌पिढ्या चालते. तेव्हा बिऱ्हाड आज ना उद्या हलवावे लागणारच, हे धरूनच चालले पाहिजे.

२०२१ साली जेडकॉमची सातवी आवृत्ती आली. तिने युनिकोड सक्तीचे केले, म्हणजे देवनागरीची प्रश्नचिन्हे व्हायचे कारण उरले नाही. फाइलबरोबर फोटोही एका गाठोड्यात बांधून नेता येतात. त्याआधी फोटोचा नुसता पत्ता जाई आणि फोटो मागे राही. पण नियम चांगला असून भागत नाही. प्रोग्रॅमने तो पाळला पाहिजे. माझी मागणी साधी आहे. जे घेता आले नाही त्याची यादी प्रत्येक प्रोग्रॅमने माणसाला दाखवावी. परीट कपडे मोजून देतो. यांनी पूर्वज मोजून द्यायला काय हरकत आहे?

तोवर आपले आपण सांभाळले पाहिजे. प्रोग्रॅम घेण्याआधी त्यातून माहिती बाहेर कशी काढायची ते विचारा. मूळ फाइल कधी पुसू नका. शकातली तिथी जशीच्या तशी टिपणात लिहा, इंग्रजी तारीख शेजारी. एक प्रत कागदावर छापा. आणि यंदा भाऊबीजेला बहिणी, आत्या माहेरी येतील, तेव्हा ती प्रत त्यांच्या हाती द्या. आपले नाव गाळलेले सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात येईल.