भाच्याचे भाषण

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. अक्का सिन्नरहून आली आणि तिच्याबरोबर तिचे चिरंजीवही आले. फराळाचे ताट पुढे येण्याआधीच भाचेबुवांनी पिशवीतून बारा छापील पाने काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"मामा, एवढं नजरेखालून घाला. तांबडी पेन्सिल घेऊनच बसा."

पस्तीस वर्षे मी शाळेत गणित शिकवले. निवृत्त झालो, पण तांबडी पेन्सिल अजून खिशातून गेलेली नाही. भाचेबुवा सातपूरच्या एका कंपनीत बडे अधिकारी आहेत. रक्तातले हिमोग्लोबिन मोजणारे, तळहातावर मावणारे यंत्र ही कंपनी बनवते. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, की मिनिटाभरात आकडा हजर! पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर प्रयोगशाळा कुठून आणणार? तिथे हे यंत्र म्हणजे मोठाच आधार. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आढळले होते. म्हणजे काम सोन्यासारखे. त्याबद्दल वाद नाही.

"भाषण कुणापुढे?" मी विचारले.

"मुंबईला डॉक्टरांचं संमेलन आहे. साहेब म्हणाले, नुसतं यंत्र विकून भागत नाही. तुम्ही थॉट लीडर झालं पाहिजे."

"म्हणजे विचारांचा पुढारी? अरे, आपल्याकडे पुढाऱ्यांना तोटा नाही. टंचाई आहे ती विचारांची!"

सौ. स्वयंपाकघरातून हसली. भाचेबुवा हसले नाहीत. प्रकरण गंभीर होते तर!

मी वाचायला बसलो. भाषा झकास होती. 'क्रांती' हा शब्द सात वेळा, 'नवे युग' चार वेळा. आमचे यंत्र अचूक, वेगवान, स्वस्त. पण गणिताच्या मास्तरला जे हवे असते ते बाराही पानांत कुठे सापडेना. यंत्र चुकते किती? आणि चुकते कधी?

"चुकतं थोडंसं," भाचेबुवा म्हणाले. "बोट दाबून दाबून रक्त काढलं तर त्यात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. बोटं गार असली की थेंबच नीट येत नाही. पट्टीच्या डबीचं झाकण उघडं राहिलं तर पट्टी दमट होते, मग आकड्याचा भरवसा नाही. पण मामा, हे व्यासपीठावरून सांगायचं का? लोक म्हणतील, मग हे यंत्र घ्यावं कशाला?"

एवढा वेळ अक्का कोपऱ्यात बसून लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

आम्ही दोघेही गप्प झालो. अक्काचे ते दुखणे घरात सर्वांना ठाऊक होते, पण त्याची सुरुवात कुणी विचारली नव्हती. आदल्या वर्षी देवळात आरोग्य शिबिर होते. तिथे एका मुलीने अक्काच्या बोटाला टोचले आणि सांगितले, "आजी, बारा पॉइंट दोन. एकदम छान." अक्काने ती चिठ्ठी घडी घालून देव्हाऱ्यात ठेवली. पुढे जिना चढताना धाप लागू लागली, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. पण चिठ्ठी होती ना! चार महिन्यांनी ती ओट्यापाशी घेरी येऊन पडली. इस्पितळात शिरेतून रक्त घेतले तर हिमोग्लोबिन आठच्या आत. पोटात कुठेतरी थेंब थेंब रक्त जात होते. डॉक्टर म्हणाले, शिबिरातला आकडा तेव्हाच चुकला, की रक्त नंतर उतरले, हे आता कुणालाच सांगता यायचे नाही.

"आकडा चुकला असेल-नसेल," अक्का म्हणाली. "पण धाप लागली तर चिठ्ठीवर विसंबू नका, पुन्हा तपासून घ्या, एवढं त्या पोरीनं सांगायला हवं होतं. तिला तरी कुणी सांगितलं असणार?"

भाचेबुवांनी हळूच विचारले, "आई, यंत्र कुठल्या कंपनीचं होतं?"

"मला काय ठाऊक? निळं होतं."

भाचेबुवांच्या कंपनीची यंत्रे निळी असतात. निळी यंत्रे इतरही कंपन्या बनवतात, हे मी लगेच बोलून दाखवले. पण भाचेबुवांनी चकली ताटात तशीच ठेवली.

जरा वेळाने ते म्हणाले, "मामा, पण जगात नाव होतंच ना मोठं बोलून? आपल्या नाशिकच्याच दातार कॅन्सर जेनेटिक्सचं बघा. रक्तातून स्तनाचा कॅन्सर ओळखण्याच्या त्यांच्या चाचणीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 'ब्रेकथ्रू डिव्हाइस' असं मानांकन दिलं. सगळ्या वर्तमानपत्रांत आलं!"

ही बातमी मला माहीत होती. ती वाचूनच मी कुतूहलापोटी त्या मंडळींचा शोधनिबंध मिळवून चाळला होता. वैद्यक मला कळत नाही, पण तक्ते कळतात. वाचक हो, आधी त्या मानांकनाचा अर्थ समजून घेऊ. तो विक्रीचा परवाना नव्हे. काम महत्त्वाचे दिसते, तेव्हा तुमच्याशी आधी बोलू आणि तुमचे कागद लवकर तपासू, असे ते निमंत्रण. परीक्षेला पुढच्या बाकावर बसवले म्हणजे पास केले असे नाही!

मग त्या निबंधात मला काय आवडले? तो २०२० मध्ये 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये छापून आला. कॅन्सर झाल्याचे आधीच ठाऊक असलेले ५,५०९ रुग्ण आणि तसे निदान न झालेली १०,६२५ माणसे, अशा १६,१३४ जणांचे रक्त तपासलेले. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशींचे पुंजके शोधायचे होते. रुग्णांपैकी सुमारे ९० टक्क्यांत ते सापडले. म्हणजे दहांतला एक निसटला. उलट, इतर तपासण्यांत काही वावगे न दिसलेल्या माणसांतही सुमारे ३ टक्क्यांत ते सापडले. म्हणजे अशा हजार माणसांत तीस घरांची झोप उडणार. हे दोन्ही आकडे त्यांनी स्वतःच छापले. आता जगातला कुठलाही डॉक्टर ते पडताळून पाहू शकतो, खोडूनही काढू शकतो. माझ्या मते त्यांचे वजन वाढले ते इथे.

"नुसत्या व्यासपीठावर वाढलेलं नावही बघ," मी म्हणालो. अमेरिकेत २००३ मध्ये एका एकोणीस वर्षांच्या मुलीने थेरानोस नावाची कंपनी काढली. बोटातल्या थेंबभर रक्तातून ढीगभर तपासण्या करू, असे ती सांगे. मासिकांच्या मुखपृष्ठांवर तिची छबी झळके, संचालक मंडळावर माजी मंत्री बसत. पण यंत्राची कसोटी बाहेरच्या तज्ज्ञांपुढे वर्षानुवर्षे मांडलीच नाही. २०१५ मध्ये एका वर्तमानपत्राने पडदा वर केला, २०१८ मध्ये कंपनी बुडाली आणि २०२२ मध्ये एलिझाबेथ होम्स बाईंना अकरा वर्षांवर कैदेची शिक्षा झाली.

"आणि आपल्या मुंबईतले हाफकिन?" १८९७ साली प्लेगच्या धामधुमीत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारीला पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. टोचलेले किती आजारी पडले आणि न टोचलेले किती, याचा हिशेब ठेवला. पाच वर्षांनी पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. खापर हाफकिन यांच्यावर फुटले, त्यांचे पद गेले. पुढे कागदपत्रे बारकाईने तपासली तेव्हा दिसले, की एकोणीसही जण एकाच बाटलीतले आणि ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. १९०७ मध्ये नामवंत शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि ते निर्दोष ठरले. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. त्यांना तारले ते व्याख्यानांनी नव्हे, नोंदवह्यांनी!

त्या रात्री मामा-भाचे बारा वाजेपर्यंत बसलो. बारा पानांची पाच झाली. 'क्रांती' एकच उरली, तीही भाच्याच्या आग्रहाखातर. नवे पान एकच आले: आमचे यंत्र कधी चुकते. त्याखाली तीन वाक्ये. बोट पिळू नका. पट्टीची डबी उघडी ठेवू नका. आकडा चांगला आला तरी रोग्याला धाप लागत असेल, तर शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासा.

"साहेब चिडतील," भाचेबुवा म्हणाले.

साहेब चिडलेच. संमेलनात टाळ्याही बेताच्या पडल्या. भाषणानंतर मात्र दोन डॉक्टर भाच्याकडे आले. त्यांतल्या एका आदिवासी भागातल्या बाई म्हणाल्या, "तुमच्या चुकांचा तक्ता मला द्या. आमच्या प्रयोगशाळेच्या आकड्यांशी ताडून पाहते. जे निघेल ते छापलं तर चालेल ना?" भाच्याने क्षणभर विचार करून "चालेल" म्हटले. तो ताळा अजून चालू आहे. काय निघेल ते कुणालाच ठाऊक नाही. साहेब अजून धुसफुसतात. पण कंपनीच्या प्रत्येक डबीवर ती तीन वाक्ये आता मराठीत छापली जातात, एवढे भाच्याने पदरात पाडून घेतले.

यंदाच्या भाऊबीजेलाही अक्का येणार आहे. परवा फोनवर मी विचारले, "हिमोग्लोबिन किती?"

"अकरा पॉइंट आठ," ती म्हणाली. आणि मी पुढे काही विचारण्याच्या आत ठसक्यात म्हणाली, "शिरेतून काढलंय हो!"

बाराला दोन दशांश कमी. उरलेल्याची जबाबदारी सौ.ने घेतली आहे. अळिवाचे लाडू कालच वळून झाले.